नस काढल्यावरहि दाढ कां दुखते?

दाढेची नस काढली म्हणजे दुखणें संपलें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. आणि ती बहुतांशीं खरीहि ठरते. परंतु ज्याची दाढ त्यानंतरहि ठणकत राहते, त्याच्या मनांत दोन शंका उभ्या राहतात. दंतवैद्यानें काम बिघडविलें कीं काय? आणि आतां दाढ उपटूनच टाकावी कीं काय? या शंकांचा निकाल घाईनें लावूं नये, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम या उपचारांत, ज्यास आपण रूट कॅनाल म्हणतों, काय घडतें तें पाहूं. दांताच्या पोटांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांचा मऊ गाभा असतो. कीड तेथवर पोंचली म्हणजे तो सडूं लागतो. दंतवैद्य तो काढून मुळांतील नळ्या बारीक कानशींनीं साफ करतो, औषधी द्रावणानें धुतो आणि गटापर्चा नांवाच्या रबरासारख्या द्रव्यानें बंद करतो. दांताच्या आंतील संवेदना जाते. पण मुळाभोंवतालचें तंतुमय आवरण व हाड यांची संवेदना शाबूत असते. तेथील सूज ओसरण्यास वेळ लागतो. म्हणून पहिले दोनतीन दिवस चावतांना दुखणें व पुढें आठवडाभर थोडें हुळहुळणें स्वाभाविक आहे. वेदना किती आहे यापेक्षां ती दिवसेंदिवस उतरते कीं नाहीं, हें पाहावें.

उतरत नसेल, तर कारण शोधावें. भरलेलें सिमेंट किंचित् उंच राहिलें, तर प्रत्येक घासाचा भार त्याच दाढेवर येतो. तें घासून घेतल्यानें पुष्कळदां लगेच आराम पडतो. कधीं एखादी नळी सुटलेली असते. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेस मुळें तीन असलीं, तरी नळ्या बहुधा चार असतात, व चौथी फार अरुंद असते. कधीं मुळास चीर गेलेली असते. कधीं दुखणें शेजारच्या दाढेचें, गालाच्या हाडांतील पोकळीचें किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूचें असतें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यांत, उपचारानंतर सहा महिने लोटल्यावरहि शेंकडा सुमारें पांच दांतांत वेदना राहिल्याचें आढळलें. त्याच वर्षींच्या दुसऱ्या आढाव्यावरून, अशा वेदनांपैकीं सुमारें निम्म्यांचें मूळ दांतांत नसावें, असें दिसलें. अशा वेळीं दाढ उपटली, तर दाढ जाते आणि दुखणें राहतें.

बीड जिल्ह्यांत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात, ते हंगाम संपल्यावरच परततात. रूट कॅनालला पुष्कळदां दोनतीन खेपा लागतात. पहिल्या खेपेंत ठणका थांबला, तात्पुरतें सिमेंट भरलें आणि टोळी निघाली, कीं काम तसेंच राहतें. तें सिमेंट कांहीं आठवडेच टिकतें. झिजलें कीं लाळेबरोबर जंतु पुन्हां आंत शिरतात. मग उसाच्या फडांत ठणका उठतो. मुकादमाची उचल अंगावर असतां खाडा परवडत नाहीं. मिश्रीची चिमूट किंवा एखादी गोळी, एवढाच आधार उरतो. म्हणून निघण्याचा दिवस दंतवैद्यास आधींच सांगावा. एकाच बैठकींत काम पुरें करणें कित्येकदां शक्य असतें. नसल्यास अधिक टिकाऊ सिमेंट भरतां येतें. दाढेवर टोपी बसवावयाची असल्यास तीहि लांबवूं नये, कारण पोकळ झालेली दाढ लवकर फुटते.

सूज वा ताप नसतां केवळ ठणक्यासाठीं प्रतिजैविकें घेऊन लाभ नाहीं. परंतु जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळतां येईना, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यांतच आहे, आणि छत्रपती संभाजीनगर येथें शासकीय दंत महाविद्यालय आहे.

श्रोतेहो, रूट कॅनाल बहुधा पुन्हां करतां येतो. उपटलेली दाढ मात्र परत उगवत नाहीं. तेव्हां कण्हत बसण्यापेक्षां वा रागावून दुसरीकडे दाढ काढून घेण्यापेक्षां, त्याच दंतवैद्यापुढें पुन्हां बसावें आणि "अजून दुखतें" असें निःसंकोच सांगावें.