राजूर घाट, न्यूट्रल आणि हायब्रीड गाडी

(सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)

मागे भज्यांचा वास येत असूनही शांत बसलेल्या बंधू-भगिनींनो,

विषय सचिवांनीच ठरवून दिला आहे. उतारावर हायब्रीड गाडीचं पेट्रोल कसं वाचवायचं? बुलढाण्याच्या माणसाला हा विषय दाराशीच आहे. आपलं गाव डोंगराच्या काठावर. रेल्वे पकडायची तर मलकापूर, म्हणजे राजूर घाट उतरणं आलं. खामगावला जायचं तर बोथ्याकडून, ज्ञानगंगा अभयारण्यातून. तिथे वळणावर अस्वल उभं असलं तर ब्रेक चांगलाच लागला पाहिजे, हे मी सांगायला नको!

आधी न्यूट्रलबद्दल बोलतो, कारण आपल्यापैकी बरेच जण अजूनही घाटमाथा आला की गाडी न्यूट्रलला टाकतात. काही बहाद्दर तर इंजिनही बंद करतात. ही सवय आकाशातून पडलेली नाही. अँबेसिडर आणि पद्मिनीच्या काळात कार्बोरेटर होता. पाय काढला तरी फिरतं इंजिन थोडं थोडं पेट्रोल ओढतच राही, म्हणून जुने ड्रायव्हर गाडी मोकळी सोडत. त्यांचा हिशेब त्या काळापुरता बरोबर होता.

आता इंजेक्शनच्या गाड्या आल्या. गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर इंजिनला फिरवण्याचं काम चाकंच करतात आणि संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. खर्च शून्य. तीच गाडी न्यूट्रलला टाकली, तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. लहान गाडी उभ्या जागी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. म्हणजे दहा मिनिटांच्या घाटात शंभर मिलिलिटरच्या आसपास गेलं. वाचवायला निघालो आणि खिशातून दहा रुपये घालून आलो.

इंजिन बंद करणाऱ्यांचं तर काय बोलावं! ब्रेक हलका लागतो तो इंजिनच्या व्हॅक्यूममुळे. इंजिन बंद असताना दोन-तीन वेळा दाबला की पॅडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर लॉकही होऊ शकतं. मागच्या सीटवर नातवंडं असतात, एवढंच म्हणतो.

आता हायब्रीड. आपल्या पार्किंगमध्ये अशा तीन गाड्या आल्या आहेत. हिच्यात पेट्रोल इंजिनच्या जोडीला मोटर आणि बॅटरी असते. उतारावर मोटर उलटं काम करते, चाकांकडून वीज बनवून बॅटरीत भरते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, चढताना उचललेल्या कर्जाची ही वसुली. पण शंभर टक्के वसुली आम्ही तरी कधी पाहिली नाही.

हिशेबच मांडतो. माणसं-सामान धरून गाडी दीड हजार किलोची, आणि उतार उंचीने तीनशे मीटर समजा. यात सव्वा युनिट वीज दडलेली आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली जेमतेम एक तृतीयांश चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे सव्वा युनिट म्हणजे चारशे मिलिलिटर पेट्रोल. यातलं काही वारा खातो, काही टायर, काही वीज भरताना आणि काढताना जातं. निम्मं हाती लागलं तर वीस-एकवीस रुपये. मोठी रक्कम नाही. पण जो माणूस आठवड्यातून तीनदा मलकापूरला जातो, त्याची वर्षाची बेरीज तीन हजारांवर जाते.

ही रक्कम हाती यायची तर पहिली गोष्ट, गाडी ‘डी’मध्येच ठेवायची. हायब्रीडमध्ये न्यूट्रल म्हणजे वसुली खातंच बंद: बॅटरी भरत नाही, आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर. ‘डी’मध्ये पाय काढला की इंजिन आपोआप थांबतं, ते तुम्ही थांबवायची गरज नाही. दुसरं, ब्रेक लांबूनच, हलका आणि जास्त वेळ दाबायचा. हलक्या ब्रेकवर मोटर वीज बनवते. वळणावर येऊन धाडकन दाबला की ती ऊर्जा डिस्कमध्ये तापून वाया जाते.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. या गाड्यांची बॅटरी लहान असते. ग्रँड विटारा, हायरायडरची साधारण पाऊण युनिटची, आणि तीही गाडी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाही. म्हणजे घाट लांब असेल तर लॉकर मधेच भरतो आणि पुढचा उतार फुकट जातो. म्हणून गावातून घाटमाथ्यापर्यंत शक्यतो बॅटरीवर हळू चालवा, ज्यांना ‘ईव्ही’चं बटण आहे त्यांनी ते वापरा. लॉकर रिकामा करून घाटाला लागा.

बॅटरी भरली की गिअरच्या दांड्यावरचं ‘बी’ कामाला येतं. ‘बी’ म्हणजे बॅटरी नव्हे, बरं का! गाडी धरून ठेवण्यासाठी मोटर इंजिनला पेट्रोलशिवाय नुसतं फिरवते, ब्रेक तापत नाहीत. इंजिन एकदम ओरडायला लागतं. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्या आवाजाने घाबरून गाडी कडेला घेऊन उभे राहिले होते. घाबरू नका, तो आवाज काटकसरीचाच आहे. सपाट रस्ता लागला की मात्र परत ‘डी’वर या, नाहीतर गाडी विनाकारण मंदावत राहते.

आणि अरुंद जागी खालून एसटी किंवा ट्रक येत असेल तर थांबायचं आपण. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमच आहे. थांबलो म्हणून वेग गेला, पेट्रोल गेलं, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, ब्रेक हलका दाबला होता ना, मग बरंचसं बॅटरीत आलं आहे.

माझी गाडी खाली लिफ्टजवळ उभी आहे. ज्यांना ‘बी’ कुठे असतं ते पाहायचं असेल त्यांनी भजी संपल्यावर यावं.