मोहरमचा दहावा

श्रोतेहो, मोहरम आला की दोन-चार स्नेह्यांचे निरोप हमखास येतात, ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा!’ मायेनं पाठवलेले असतात. मी आभार मानतो आणि गप्प बसतो. इ. स. 680 मध्ये इराकातल्या करबला इथं पैगंबरसाहेबांचे नातू इमाम हुसेन मोजक्या साथीदारांसह शहीद झाले, तो हा दिवस. दुखवट्याच्या दिवशी शुभेच्छा कशा घ्यायच्या?

पण मागे एकदा माझ्याच घरात वेगळा प्रश्न उभा राहिला. माझा भाचा आखाती देशात नोकरीला. सुट्टीवर आला तो नेमका मोहरममध्ये. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. पंजे बसले होते, अम्मा चोंगे करत होती. चोंगे म्हणजे गुळाची गोड रोटी. ते पाहून भाचा म्हणाला, “मामू, उधर ऐसा कुछ नहीं करते. ये सब गलत है.” अम्माचं लाटणं थांबलं. उभा जन्म जे केलं, ते चुकीचं?

‘उधर’ म्हणजे नेमकं कुठं, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हापासून वळवळू लागला.

या दिवसाला आशुरा म्हणतात. शब्द अरबी ‘दहा’वरून आलेला. आपल्या मराठीत ‘दहावा’ म्हटलं की काय आठवतं, ते वेगळं सांगायला नको. पण हा दहावा करबलाच्याही आधीचा. परंपरा सांगते की, हजरत मूसांची फिरौनच्या तावडीतून सुटका झाली म्हणून मदिनेतले ज्यू या दिवशी उपास करत. पैगंबरांनीही तो केला. सौदी अरेबियात आजही बरेच जण या दिवशी रोजा धरतात. भाच्याचं ‘उधर’ ते हे.

तुर्कस्तानात याच दिवसात घरोघरी ‘आशुरे’ नावाची खीर शिजते. गहू, हरभरे, घेवडा, जर्दाळू, अंजीर, वरून डाळिंबाचे दाणे. हजरत नूह यांची नौका जमिनीला लागली तेव्हा जे उरलंसुरलं होतं ते एकाच हंड्यात घातलं, अशी कथा. वाडगे भरून शेजारीपाजारी पोचवतात. मोरोक्कोत तर मुलांची चंगळ! खेळणी, छोटे ढोल, रात्री शेकोट्या आणि नंतर एकमेकांच्या अंगावर पाणी. आपली होळी आणि रंगपंचमीच आठवावी.

इराणात मात्र शोक. तिथं ‘ताझिये’ हे एक नाटक आहे. हुसेन यांच्या बाजूचे हिरव्या वेशात गाऊन बोलतात. शत्रू लाल वेशात, त्यांना गाणं नाही. 2010 साली युनेस्कोनं या नाटकाची वारसा म्हणून नोंद घेतली. आपल्याकडे तोच शब्द आला आणि बांबू-कागदाची कबर झाला.

आणि त्रिनिदाद! 1845 पासून भारतातले गिरमिटिया मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. ‘या हुसेन’ या हाकेवरून तिथल्या मोहरमचं नाव पडलं ‘होसे’. 30 ऑक्टोबर 1884 रोजी सान फर्नांदो इथं बंदी मोडून मिरवणूक निघाली, तेव्हा इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. मिरवणुकीत हिंदू मजूरही होते. परमुलखात हा सण सगळ्याच हिंदुस्थान्यांचा झाला होता.

आमच्याकडे तरी वेगळं काय? कडेगावचे ताबूत तुम्ही पाहिले असतील. कामट्या सुतानं बांधत रचलेले अष्टकोनी मजले, आणि आधी कळस, मग पाया. त्यांत हिंदूंच्या मानाचेही ताबूत असतात. दहाव्या दिवशी ताबुतांची गळाभेट होते, तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नसते.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याला पटलं नाही. “वो उनका, मामू,” एवढंच म्हणाला. मीही वाद वाढवला नाही. त्याचा रोजा होता, तो त्यानं नीट पाळला. त्या दिवशी अम्माचे गुडघे दुखत होते. पाटलांकडे दरसाल जाणारं चोंग्यांचं ताट कोण नेणार? तोच उठला, ताट झाकून घेऊन गेला.

परत आला तेव्हा ताटात मूठभर साखर होती. काकींनी रिकामं ताट परत पाठवलं नव्हतं. रोजा सुटायला अजून तासभर होता. साखर त्यानं अम्माच्या डब्यात ओतली आणि ताट विसळून फळीवर ठेवलं.