चार मिनिटांची मैफल
(मंडळाच्या श्रवणसत्रात दिलेलं भाषण)



आज आपण जी रेकॉर्ड ऐकणार आहोत ती जेमतेम चाळीस मिनिटांची आहे. 'शक्ती' या ग्रुपची, १९७७ सालची 'नॅचरल एलिमेंट्स'. एकूण आठ रचना. सगळ्यांत लांब सात मिनिटांची, आणि एक तर दोन मिनिटांच्या आत आटोपते. आपल्यातले जाणकार इथेच नाक मुरडतात : चार मिनिटांत कसला राग मांडणार? मला नेमकं त्यावरच बोलायचंय.

आधी वाजवणारे कोण ते सांगतो. गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन. जन्म १९४२, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'मध्ये हा होता. मग १९७१ मध्ये त्याने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. इलेक्ट्रिक गिटार, जॅझ आणि रॉक एकत्र, आवाज कानठळ्या बसवणारा. त्याच सुमारास अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात तो एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला. आणि नंतर ती इलेक्ट्रिक गिटार चक्क बाजूला ठेवून जमिनीवर मांडी घालून बसला. शेजारी व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम आणि तबल्यावर आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन. वय तेव्हा सव्वीस! ड्रमसेट नाही, बास गिटार नाही.

त्याच्या गिटारबद्दल दोन शब्द. सतारीवर तार पडद्यावरच बाजूला ओढली की मींड निघते. साध्या गिटारवर तेवढं ओढणं अवघड, कारण बोट खालच्या लाकडाला टेकतं. म्हणून प्रत्येक दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून घेतलं. शिवाय मुख्य सहा तारांखाली तिरप्या सात जादा तारा बसवल्या, तानपुऱ्यासारखा स्वर भरायला. अब्राहम वेश्टर नावाच्या कारागिराने गिब्सन कंपनीसाठी हे वाद्य घडवलं. नाहीतर फ्यूजन म्हणजे बहुतेक वेळा आपल्या तबल्याला त्यांच्या मापाचा कोट घालायचा. इथे पाहुण्याने स्वतःचं वाद्य तासून घेतलं.

आता लांबीकडे येतो. 'शक्ती'ची पहिली रेकॉर्ड न्यूयॉर्कजवळच्या साउथॅम्प्टन कॉलेजातली, जुलै १९७५ मधली प्रत्यक्ष मैफल. त्यातली एक रचना जवळजवळ अर्ध्या तासाची. दुसरी लंडनच्या स्टुडिओतली, तिच्यात सगळ्यांत मोठी पंधरा मिनिटांची. आणि ही तिसरी, जिनिव्हात केलेली, सात मिनिटांवर आली. म्हणजे लांब वाजवता येत नव्हतं असं कोणी म्हणायचं कारण नाही.

आपल्याला तरी थोडक्याचं वावडं कुठे होतं? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. आणि गंमत पाहा, हीच रेकॉर्ड झाली त्या १९७७ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'व्हॉयेजर' यानं आकाशात गेली. त्यांतल्या सोन्याच्या तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. किती वेळ? साडेतीन मिनिटं!

मात्र मोबदला द्यावाच लागतो. आलाप हळूहळू फुलवणं इथे होत नाही, आणि ती उणीव मला जाणवते. 'कम ऑन बेबी डान्स विथ मी' मला तर नुसतं चुटपुट लावून जातं. पण 'ब्रिज ऑफ साइज' ऐका. चार मिनिटांच्या आतच आहे. तरी कोणी घाई करत नाही. गिटार आणि व्हायोलिन एकच सूर असा धरतात की कुठला कुणाचा ते क्षणभर कळत नाही. वेळ कमी असला की प्रत्येकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागतं. लांब मैफलीत आपली पाळी येतेच. इथे ती सोडून द्यावी लागते. झाकीरभाईंसारख्या माणसाने काही जागी नुसता ठेका धरलाय, आणि तो ठेकाच ऐकत राहावासा वाटतो.

हे सांगायचं कारण आहे. दर दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या मुलांना पाच-पाच मिनिटं मिळतात. तबला शिकणारी पोरं त्यात कायदा, रेला, तुकडे, चक्रदार सगळं कोंबतात. आणि टाळ्याही आपणच वेगाला देतो! यंदा एखाद्याने पाच मिनिटं स्वच्छ तीनताल वाजवला तर आपण ऐकणार का?

पुढची हकिगत थोडक्यात. हा संच १९७८च्या सुमारास थांबला. १९९७ मध्ये 'रिमेंबर शक्ती' म्हणून पुन्हा उभा राहिला, मग शंकर महादेवन आले. २०२३च्या 'धिस मोमेंट'ला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोत गेले.

चला, पहिली बाजू लावतो. सुरुवात 'माइंड इकॉलॉजी'पासून, ती मात्र वेगवान आहे. स्वयंपाकघरातला मिक्सर पाच मिनिटं बंद ठेवा बुवा, घटम मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवा.