दुसऱ्याच्या पानावरची आपली स्क्रिप्ट
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि संगीत’ असा ऐसपैस विषय दिला होता. तो मी थोडा आवळून घेतला आहे. गेली काही वर्षे फावल्या वेळात मी ज्या कामात गुंतलो आहे, त्याविषयीच बोलतो. एका संगीतविषयक संकेतस्थळासाठी त्याच्या वापरकर्त्यांनीच लिहिलेल्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट्स आणि त्यांची देखभाल, असे ते काम आहे.

त्या संकेतस्थळाचे नाव म्युझिकब्रेन्झ. तेथे गाणी साठवलेली नाहीत. गाण्यांविषयीची माहिती आहे. कलाकार, रचना, ध्वनिमुद्रण आणि प्रसिद्ध झालेला अल्बम यांच्या तेथे स्वतंत्र नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीला छत्तीस चिन्हांचा कायमचा ओळखक्रमांक असतो. त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. सीडीडीबी नावाच्या संग्रहात सामान्य श्रोत्यांनी आपापल्या सीडींवरील गाण्यांची नावे स्वतः टंकून भरली होती. पुढे तो संग्रह व्यावसायिक मालकीचा झाला. लोकांनी भरलेले लोकांकडेच राहावे, या विचाराने रॉबर्ट केय यांनी २००० साली म्युझिकब्रेन्झ उभारले. २००४ पासून मेटाब्रेन्झ ही ना-नफा संस्था ते चालवते. त्यातील मूळ माहिती कोणीही विनामूल्य वापरू शकतो. आपल्याशीही त्याचे नाते आहे. बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या अभ्यासासाठी ध्वनिमुद्रणांची माहिती याच ठिकाणी नोंदवली.

आता स्क्रिप्टकडे वळतो. वीस गाण्यांचा अल्बम हाताने नोंदवायचा म्हणजे वीस नावे आणि वीस कालावधी टंकायचे. बँडकॅम्प किंवा डिस्कॉग्ज या संकेतस्थळांवर हीच यादी तयार असते. तेव्हा कोणीतरी जावास्क्रिप्टच्या शंभर-दोनशे ओळी लिहितो. ब्राउझरमध्ये टँपरमंकी किंवा व्हायोलेंटमंकी हे पूरक साधन बसवले, की त्या ओळी ठरलेल्या पानांवर आपोआप चालतात आणि मुळात नसलेले एक बटण तेथे दिसू लागते. बटण दाबताच म्युझिकब्रेन्झचा अर्ज भरलेल्या अवस्थेत उघडतो. माणसाने तो तपासायचा आणि मग पाठवायचा.

भाड्याच्या घरात आपण फळी ठोकावी, तसा हा प्रकार आहे. घरमालक भिंत कधी पाडील हे त्याने आपल्याला सांगण्याचे कारण नाही. मात्र या स्क्रिप्टची दोन टोके सारखी नाहीत. म्युझिकब्रेन्झने बाहेरून माहिती भरून अर्ज उघडण्याची रीत स्वतःच लिहून जाहीर केली आहे. कोणत्या रकान्याचे नाव काय, हे तेथे वाचायला मिळते. म्हणजे त्या टोकाला दार आहे. ज्या पानावरून यादी वाचायची, त्या टोकाला पुष्कळदा दार नसते. पानाची रचना पाहून आपण अंदाजाने वाट काढतो. देखभालीचे बहुतेक श्रम याच टोकाला खर्च होतात.

रचना बदलली आणि बटण दिसेनासे झाले, तर ती बिघाडांपैकी सर्वांत सौम्य गोष्ट समजावी. वापरणारा तक्रार करतो, आपण दुरुस्ती करतो. खरी भीती वाटते ती चालू राहून चुकीचे काम करणाऱ्या स्क्रिप्टची. एक उदाहरण देतो. पाश्चात्त्य पॉप संगीताचा विचार करून लिहिलेली स्क्रिप्ट कालावधीचे दोनच भाग गृहीत धरते, मिनिटे आणि सेकंद. तिच्यापुढे एक तास दोन मिनिटे पंधरा सेकंदांचा ख्याल आला, की ती पहिले दोन आकडे उचलते आणि एक मिनिट दोन सेकंद अशी नोंद करते. कुठेही लाल अक्षरे उमटत नाहीत. वापरणाऱ्याचा बटणावर विश्वास बसलेला असतो. तो न पाहता पाठवतो. ती चूक मग त्याच्या संगणकापुरती राहत नाही. तीच माहिती उचलणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती पोहोचते.

दुसरे उदाहरण आपल्या मराठीच्या बाईंना आवडावे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद त्यांनी फळ्यावर कितीदा काढून दाखवला असेल! संगणकात हा अर्धा र लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत नुक्ता असलेला ऱ वापरतात. दुसरीत साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. परभाषक प्रोग्रामरला अदृश्य चिन्ह म्हणजे नक्कल करताना चिकटलेला कचरा वाटतो. त्याची स्क्रिप्ट नाव ‘स्वच्छ’ करते आणि दऱ्यांचा दर्या होतो. ही चूक त्याला दिसणारही नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकृत्या सारख्याच. ती पकडायला महाराष्ट्रापासून दूर का होईना, मराठी शाळेत बसलेला कोणीतरी लागतो.

म्हणून प्रत्येक बदलानंतर पाच-सहा ठरलेल्या अल्बमांवर स्क्रिप्ट चालवून पाहावी, असे माझे मत आहे. त्यांत एक साधा असावा, एक दोन तबकड्यांचा, एक अनेक कलाकारांचा, एक तासाहून लांब ध्वनिमुद्रणाचा आणि एक देवनागरी नावांचा. अपेक्षित गोष्ट सापडली नाही, तर स्क्रिप्टने अंदाज बांधू नये. थांबून स्पष्ट सांगावे. आणि दुरुस्ती झाल्यावर आवृत्तीचा क्रमांक वाढवावा. तो वाढवला नाही, तर दुरुस्ती इतरांच्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही.

पायाखालची जमीनही अधूनमधून हलते. स्क्रिप्ट्सचे सर्वांत मोठे भांडार मानले जाणारे यूजरस्क्रिप्ट्स डॉट ऑर्ग २०१४ साली बंद पडले. ज्यांची प्रत दुसरीकडे नव्हती त्या स्क्रिप्ट्स त्याबरोबर गेल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने आपली पूरक साधनांची जुनी व्यवस्था बदलली, त्याबरोबर ग्रीझमंकीलाही बदलावे लागले, आणि एका ओळीची चूक नसलेल्या असंख्य स्क्रिप्ट्स निकामी झाल्या. बिनपगारी लेखकाने अशा वेळी काम सोडले, तर त्याला दोष देणे मला तरी जमत नाही.

पण सोडताना कोणाच्या हाती सोडावे, हा प्रश्न उरतोच. स्क्रिप्ट चालते ती वापरणाऱ्याच्या उघड्या खात्यात, त्याच्याच अधिकाराने. आणि नवी आवृत्ती त्याला न विचारता येऊन बसते. त्यामुळे अद्ययावत प्रत जेथून येते त्या जागेची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या हाती शेकडो लोकांचे ब्राउझर असतात. कोणी अनोळखी माणूस उत्साहाने ‘मी सांभाळतो’ म्हणाला, तरी किल्ली लगेच देऊ नये. त्याने आधी काही दुरुस्त्या पाठवाव्यात, आपण त्या वाचाव्यात. मुक्त परवाना आरंभीच दिलेला असला, तर त्याला स्वतःची वेगळी प्रत काढूनही काम पुढे नेता येते. तसेच, स्क्रिप्टला चालण्याची परवानगी मोजक्या पानांपुरतीच असावी; सर्व संकेतस्थळांवर चालू देणे सोपे असते आणि तितकेच धोक्याचे.

क्वचित सुखान्तही होतो. लोकांची सोय पाहून संकेतस्थळच ती सुविधा स्वतःच्या पानात घेते. तेव्हा लेखकाने एक शेवटची आवृत्ती काढावी. तिने काहीही करू नये. ‘आता माझी गरज नाही, मला काढून टाका’ एवढाच निरोप दाखवावा.

ज्या विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांच्यासाठी मध्यंतरानंतर मी संगणककक्षात आहे. घरी एखादी जुनी मराठी सीडी असेल, तर तिच्या वेष्टनासह घेऊन या.