वॅट नव्हे, लक्स!

मी उलव्यात राहतो आणि उजेड मोजण्याचे काम करतो. हे सांगितले की लोक हसतात. उजेड काय मोजायचा, दिसतोच की!

पण डोळा मोठा समजूतदार. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. दोन्हीकडे तो भागवून घेतो. म्हणून मीटर लागतो.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गोदामात मला बोलावले होते. रात्रपाळीच्या एका कामगाराकडून वरचेवर चुकीची खोकी बाहेर जात होती. त्याचा पगारही कापला गेला होता. मालक म्हणाले, "१५० वॅटचे दिवे आहेत, अंधार कसला?"

गफलत इथेच होते. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. त्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब तेरा-चौदाशे लुमेन द्यायचा. एलईडीला तेवढ्यासाठी १५ वॅटच्या आसपास पुरतात. आणि एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला, की तो एक लक्स. छोटा दिवा ४ मीटरऐवजी ८ मीटरवर टांगला, तर बरोबर खालचा उजेड निम्मा नव्हे, सुमारे पाव उरतो.

रॅकांमधल्या वाटेत मीटर आडवा धरला. २१० लक्स. मालक खूश! मग खालच्या फळीपाशी बसलो आणि मीटर खोक्यावरच्या चिठ्ठीला टेकवून उभा धरला. ३५! चिठ्ठी उभी, उजेड वरून येणारा. तो तिला नुसता चाटून जातो. वाचायची असते ती चिठ्ठी, जमीन नव्हे.

१९४८च्या कारखाने कायद्यात कामाच्या जागी पुरेसा आणि योग्य उजेड हवा असे म्हटले होते. 'पुरेसा' सगळ्यांच्या लक्षात राहतो, 'योग्य' नाही.

रॅकांच्या माथ्यावर आलेले दिवे वाटेच्या मधोमध सरकवले, काचा पुसल्या. विमानतळासाठी टेकडी कापली तेव्हापासून आम्हा उलवेकरांना धूळ काही नवी नाही. पुन्हा मोजले, चिठ्ठीवर १२० लक्स.

निघताना तो कामगार मागे आला. "साहेब, आकडा कागदावर लिहून द्याल?"

मी १२० लिहू लागलो.

"तो नको," तो म्हणाला. "आधीचा. पस्तीसचा."

तारीख घालून, सही करून दिला.