स्वस्त सीएनसी राउटर घेताय? आधी माझी फजिती ऐका

"दादा, लाकूडकामासाठी स्वस्तात कुठलं सीएनसी राउटर घेऊ?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की आज त्यावरच बोलूया. मॉडेलचं नाव नाही सांगणार. मी काय चुकलो ते सांगतो.

मी नेमप्लेट, देव्हाऱ्याच्या जाळ्या, छोटी कोरीव पॅनेल बनवतो. पहिलं मशीन घेतलं ते ३०१८. हा आकडा म्हणजे कामाचं क्षेत्र, ३० बाय १८ सेंटीमीटर. घरीच जोडलं, पाइनच्या फळीवर गणपती कोरला, व्हिडिओ टाकला. भारी वाटलं! मग सागवानी देव्हाऱ्याची ऑर्डर आली. या मशीनचा स्पिंडल म्हणजे छोटीशी डीसी मोटर. सागवानात जरा खोल घेतलं की सगळा सांगाडा थरथरायचा, रेषा नागमोडी. एक जाळी रात्रभर चालली आणि पहाटे बिट तुटलं. लाकूड वाया. तिकडे गिऱ्हाइकाची वास्तुशांत चार दिवसांवर. अ‍ॅडव्हान्स परत केला, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

म्हणून सांगतो, आकाराआधी मशीनचा ताठपणा बघा. स्पिंडल थांबलेला असताना हाताने धरून डावी-उजवीकडे ढकला. लचकला तर चहा पिऊन निघून या. प्लॅस्टिकच्या चाकांवर पळणारं मशीन स्वस्त पडतं, पण सागवान, शिसव करायचं असेल तर लिनिअर रेल आणि बॉलस्क्रूच घ्या. स्पिंडल निदान १.५ किलोवॅटचा. २.२ चा व्हीएफडीसकट सिंगल फेजवर चालणाराही मिळतो. कॉलेट विचारा. ईआर ११ मध्ये ७ मिलिमीटरपर्यंतचंच बिट बसतं, अर्ध्या इंचाचं लावायचं तर ईआर २० हवा.

प्लायचं शीट ८ बाय ४ फुटी, म्हणून सगळ्यांना १३२५ हवं असतं, म्हणजे १३०० बाय २५०० मिलिमीटर. अरे, पण गाळा केवढा आहे तुझा? मी २ बाय ३ फुटी घेतलं. शीट आधीच कापून आणतो, काही अडत नाही.

कोटेशनमध्ये जीएसटी, वाहतूक, डस्ट कलेक्टर धरलेत का, तेही बघा. एमडीएफची धूळ फार बारीक असते, थेट छातीत जाते. कलेक्टर "नंतर बघू" म्हणू नका. मी म्हटलं होतं. दोन महिने खोकत होतो.

आणि हो, २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर एमडीएफच्या मखरांना मागणी आलीये. तुमचं काम तेवढंच, ३ मिलिमीटरची नक्षी कापायचं असेल, तर राउटर नकोच, लेझर बघा.

डेमोला जाताना आपलंच लाकूड आणि पेनड्राइव्हमध्ये आपलीच फाइल न्या. काम निम्म्यावर आलं की मेन स्विच पाडायला सांगा. लाइट आल्यावर मशीन जिथं थांबलं तिथूनच पुढे चालू झालं पाहिजे. माझ्याकडे पावसाळ्यात लाइट रोज जाते, म्हणून मी हे दोनदा करून बघितलं. विक्रेता वैतागला, पण मशीन तेच घेतलं.

पुढच्या भागात बिट्सवर बोलू. भेटूया!