त्वचेचे आरोग्य : ऊन, वय आणि रंगाचा मोह

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर एका त्वचारोगतज्ज्ञाने केलेले भाषण)



आपण मला येथे बोलावले याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. बक्षीस समारंभ अजून व्हावयाचा आहे आणि मुलांचे लक्ष तिकडे लागले आहे, हे मला दिसते आहे. तेव्हा मी थोडक्यातच बोलेन.

प्रारंभी एक लहानसा प्रयोग करू. प्रत्येकाने आपल्या पंजाची मागची बाजू नीट पाहावी. नंतर दंडाची आतली, काखेजवळची बाजू पाहावी. ज्यांना येथे शक्य नाही त्यांनी घरी जाऊन पाहावी. काय दिसते? पंजा काळवंडलेला, खरखरीत. वडीलधाऱ्यांच्या हातावर डाग आणि सुरकुत्या. दंडाची आतली बाजू मात्र मऊ, एकसारख्या रंगाची. आता विचार करा. हे दोन्ही भाग एकाच शरीराचे, दोघांचे वय एकच. मग एक म्हातारा आणि दुसरा तरुण कसा?

या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा कळले. माझी अम्मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाई. चाळिशी ओलांडली नव्हती तोच तिचा चेहरा साठीच्या बाईसारखा दिसू लागला. नातेवाईक म्हणत, "बिचारी काळजीने म्हातारी झाली." मीही तेच खरे मानीत असे. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात गेलो, सुटीत घरी आलो, आणि ती भाकरी थापीत असताना तिची बाही वर सरकली तेव्हा दंडाची कातडी मला दिसली. ती चाळिशीच्या बाईचीच होती. अम्मीला काळज्या पुष्कळ होत्या, पण तिचा चेहरा काळजीने नव्हे तर मुख्यतः उन्हाने म्हातारा केला होता. आजच्या माझ्या भाषणाचे सार एवढेच आहे. वय कोणाला चुकत नाही. परंतु चेहऱ्यावर आपण ज्याला वय म्हणतो त्याचा मोठा भाग ऊन असते, आणि उन्हाला अडविता येते.

हे कसे घडते ते पाहू. त्वचेच्या वरच्या थराखाली एक जाड थर असतो. त्यात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. खाटेची नवार जशी खाट ताठ ठेवते, तसे हे तंतू कातडी ताठ ठेवतात. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. जमिनीवर पोहोचणारे हे किरण मुख्यतः दोन जातींचे. 'बी' किरण वरचा थर भाजतात. 'ए' किरण संख्येने कितीतरी जास्त. ते खोल शिरतात आणि नवार हळूहळू कुरतडतात. जळजळ होत नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. नवार सैल झाली की खाट पडते, तशी कातडी सैल पडते.

आपल्या सावळ्या वर्णात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य भरपूर असते. ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. तिच्यामुळे आपल्यात सुरकुत्या उशिरा येतात आणि त्वचेचा कर्करोगही गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी आढळतो. मात्र छत्रीलाही मर्यादा आहे. आपल्याकडे उन्हाचा मार आधी डाग, वांग आणि काळवंडलेपणा या रूपाने दिसतो. ज्या काळेपणाची आपण लाज बाळगतो, तो शरीराने आपल्या रक्षणासाठी उभा केलेला पहारा आहे, हे मुलींनी विशेष लक्षात ठेवावे.

काचेच्या आड आपण सुरक्षित आहोत असेही समजू नये. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली एका ६९ वर्षांच्या गृहस्थाचे छायाचित्र आले होते. त्यांनी २८ वर्षे मालाचा ट्रक चालविला. तिकडे चालकाची खिडकी डावीकडे असते. त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी आणि डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली होती. काच 'बी' किरण बऱ्याच अंशी अडविते, 'ए' किरण मात्र आत येऊ देते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एस.टी. किंवा ट्रक चालविणारे कोणी आपल्या घरात असतील, तर त्यांचे दोन्ही हात शेजारी ठेवून पाहा.

आता आपल्या जिल्ह्यापुरते बोलू. आपण घाटावरचे आणि घाटाखालचे असे भेद करतो. मलकापूर, नांदुरा, शेगावकडील माणूस मे महिन्यात बुलढाण्याला आला की म्हणतो, "इकडे ऊन लागतच नाही." ही समजूत चुकीची आहे. वाऱ्याने गारवा वाटतो. पण अतिनील किरण उष्णतेवर अवलंबून नसतात. उंचावर ते किंचित जास्तच असतात. पातळ ढगांतूनही ते पुष्कळसे खाली येतात. तेव्हा घामावरून ऊन मोजू नका, सावलीवरून मोजा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन सौम्य. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सावध व्हावे. आपल्या जिल्ह्यात मेच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत एकदा आणि जुलैत पुन्हा एकदा सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा.

बचावाची साधने आपल्या घरातच आहेत. शेतमजूर स्त्रिया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाहीचा सदरा घालतात. लोक हसतात, पण त्यापेक्षा चांगले साधन मी शहरातल्या दुकानात पाहिलेले नाही. घट्ट विणीचे सुती कापड, ओढणी, दुपट्टा, रुंद काठाची टोपी, छत्री आणि झाडाची सावली, हे पहिले औषध. शेतीची व बाहेरची कामे शक्यतो सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर करावीत.

जो भाग झाकता येत नाही, म्हणजे चेहरा, मान आणि पंजे, त्यासाठी सनस्क्रीन मलम असते. ते फार महागच असावे असे नाही. डबीवर एस.पी.एफ. ३० किंवा अधिक आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे लिहिलेले असावे. एस.पी.एफ. ३० सुमारे ९७ टक्के 'बी' किरण अडविते आणि ५० सुमारे ९८ टक्के. मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. चूक होते ती प्रमाणात. आपण वाटाण्याएवढे लावतो. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ येईल इतके लागते, आणि उन्हात राहिल्यास दर दोन तासांनी पुन्हा लागते.

हे खरोखर उपयोगी पडते का? ऑस्ट्रेलियात नॅम्बूर या गावी १९९२ साली एक प्रयोग सुरू झाला. काही लोकांना रोज सनस्क्रीन लावावयास सांगितले, इतरांना त्यांच्या मर्जीवर सोडले. साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ते लोक बहुतेक गोरे होते, म्हणून आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. दिशा मात्र तीच आहे.

येथे माता-भगिनींसाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या स्त्रिया घरात असतात किंवा बाहेर पूर्ण झाकून जातात, त्यांची त्वचा उन्हापासून वाचते, पण हाडांना लागणारे 'ड' जीवनसत्त्व कमी पडते. कंबर, पाय सतत दुखतात. ते अगदी कोवळ्या उन्हात फारसे तयार होत नाही. म्हणून आठवड्यातून काही दिवस, दहा-अकराच्या सुमारास, गच्चीवर किंवा अंगणात आडोशाला, चेहरा झाकून हातापायांवर पंधरा-वीस मिनिटे ऊन घ्यावे. दुखणे जुने असेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

रोजची निगा साधी आहे. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरे. वजूमुळे आपल्याकडे हात-तोंड वारंवार पाण्याने धुतले जाते. ही स्वच्छता उत्तमच, प्रत्येक वेळी साबण मात्र नको. थंडीत कातडी फुटते त्यांनी वजूनंतर, अंग किंचित ओलसर असतानाच, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल पातळ चोळावे. सनस्क्रीन लावणाऱ्यांनी दुपारी पुन्हा बाहेर जावयाचे असल्यास जोहरच्या वजूनंतर ते परत लावावे. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नये. विडी-सिगारेटनेही कातडी लवकर सुरकुतते. कितीही मलमे लावली तरी तो तोटा भरून निघत नाही.

आता ज्यासाठी मी मुद्दाम आलो त्या विषयाकडे वळतो. आपल्या शेजारच्या अकोल्यातील ही हकीकत जानेवारी २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आली होती. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या एका मुलीने ब्यूटिशियनकडून मिळालेले गोरेपणाचे क्रीम लावावयास सुरुवात केली. चेहरा उजळला. ते पाहून आईने व बहिणीनेही लावले. २०२२ साली काही महिन्यांच्या अंतराने तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांची तपासणी झाली. क्रीमही प्रयोगशाळेत तपासले गेले आणि त्यात पारा निघाला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून उजळपणा येतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. त्वचेला लावण्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास आपल्या देशात मनाई आहे. नकळत राहिलेला अंशही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. तरीही बिननावाच्या डब्या विकल्या जातात. चार दिवसांत गोरे करणारे मलम औषध नव्हे. ते लावणाऱ्याच्या पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीमची डबी सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

दुसरा धोका स्टेरॉइडच्या ट्यूबचा. येथे मला माझीच चूक कबूल केली पाहिजे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी एका मुलीला खाजेसाठी मी अशी ट्यूब दिली. दहा दिवस लावावयास तोंडी सांगितले, कागदावर लिहिले नाही. चेहरा उजळला म्हणून तिने ती दोन वर्षे लावली. परत आली तेव्हा कातडी कागदासारखी पातळ, लालबुंद, पुरळांनी भरलेली आणि चेहऱ्यावर केस. तिने कॉलेज सोडले होते. उपचाराने चेहरा पुष्कळ सुधारला. कॉलेजचे वर्ष परत आले नाही. तेव्हापासून मी मुदत लिहून देतो. अशी बरीच मलमे २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांत घातली गेली. कोणी अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावीत असेल तर एकदम बंद करू नये, चेहरा आणखी भडकतो, डॉक्टरांकडे यावे.

पालकांनो, त्या मुलीने ट्यूब का लावली? तिला पाहावयास येणारे पाहुणे रंग विचारीत होते. १९७५ साली बाजारात आलेल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून २०२० साली 'फेअर' हा शब्द काढला गेला. डबीवरून शब्द गेला, आपल्या बैठकीतून अजून गेला नाही. मुलीच्या वर्णाची चर्चा आपण तिच्यासमोर करतो आणि मग ती लपून काय लावते याचे आश्चर्य करतो.

लपविण्यानेच नुकसान वाढते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. गावकऱ्यांनी ते लपविले नाही, आवाज उठविला. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावात आले, पाणी, रक्त, धान्य तपासले गेले. त्वचेच्या बाबतीतही असेच वागावे. तीळ आकार बदलू लागला, जखम महिनाभरात भरली नाही, किंवा फिकट चट्टा बधिर वाटला तर लगेच दाखवावे. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो; त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि तो पूर्ण बरा होतो.

शेवटी तीन विनंत्या करतो. संस्थेने मैदानाच्या कडेला कडुनिंब लावावेत आणि उन्हाळ्यात कवायत सकाळी लवकर घ्यावी. विद्यार्थ्यांनी टोपी व दुपट्ट्याची लाज बाळगू नये. आणि पालकांनी आज घरी गेल्यावर मुलीच्या कपाटातील डबी एकदा हातात घेऊन वाचावी. त्यावर बनविणाऱ्याचे नाव आणि घटक लिहिलेले नसतील, तर तिला न रागावता तिच्याजवळ बसावे आणि ती डबी बंद करावी.

माझी अम्मी आज हयात नाही. तिने उन्हात मिळविलेल्या मजुरीवर मी शिकलो. सनस्क्रीन हा शब्द तिने कधी ऐकला नाही, पण कोणी माझ्या रंगाबद्दल बोलले की ती म्हणे, "रंगाचे काय, पोरगा शिकतोय." तेच शब्द आपल्या मुलींसाठीही आपल्या घरांत ऐकू येवोत, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.